नवी नोकरी मिळण्याच्या बेतात आहे. गरोदर असल्याचे केव्हा सांगावे?

चौदावा_आठवडा:

मी चौदा आठवड्यांची गरोदर आहे, आणि ज्या नोकरीसाठी गेले तीन महिने मुलाखती देत होते तिची शेवटची फेरी मागच्या गुरुवारी पार पडली. दोन दिवसांनी तिथल्या एचआर विभागातून फोन आला. तुमची निवड झाली आहे, पगाराचा आकडा वरिष्ठांच्या सहीसाठी गेला आहे आणि ऑफर लेटर आठवडाभरात मिळेल, असे त्या बाईंनी सांगितले. मी आभार मानून फोन ठेवला. ‘मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे’ हे वाक्य त्या संभाषणात एकदा अगदी ओठांवर आले होते, पण मी ते परतवले. आणि तेव्हापासून ते परतवणे शहाणपणाचे होते की अप्रामाणिकपणाचे, याचा निर्णय मला करता आलेला नाही.

अर्ज केला तेव्हा मी गरोदर नव्हते. दुसऱ्या फेरीच्या आधी दोन दिवस कळले. त्या वेळी कुणालाही न सांगण्याचे कारण नोकरी हे नव्हतेच. दोन वर्षांपूर्वी अकराव्या आठवड्यात माझा गर्भ पडला होता. त्या खेपेस मी फार लवकर सर्वांना सांगून बसले होते आणि नंतर प्रत्येकाला भेटून ती बातमी मागे घेण्याचे कामही माझ्याच वाट्याला आले. त्यामुळे या वेळी विसाव्या आठवड्याच्या आसपासची सोनोग्राफी होईपर्यंत नवरा आणि आई यांच्यापलीकडे ही गोष्ट जाऊ द्यायची नाही, असे मी ठरवले होते. आता लेखी ऑफर पंधराव्या आठवड्यात येणार आणि ती सोनोग्राफी पाच आठवड्यांनंतर होणार, म्हणजे मनाने ठरवलेली तारीख आणि व्यवहाराने मागितलेली तारीख यांचा मेळ बसत नाही.

पद एका नव्याने उभ्या राहणाऱ्या विभागाच्या प्रमुखाचे आहे. माझी प्रसूती ज्या महिन्यात अपेक्षित आहे, त्याच्या पुढच्याच महिन्यात त्या विभागाचे पहिले मोठे काम सुरू व्हायचे आहे, आणि हे मला मुलाखतीत स्पष्ट सांगितले गेले आहे. ज्यांच्या हाताखाली काम करायचे ते गृहस्थ मला मनापासून आवडले, आणि मुख्य अडचण बहुधा हीच आहे. ते तुसडे असते तर मी इतका विचारही केला नसता. सध्याच्या नोकरीत मला चार वर्षे झाली आहेत आणि राजीनाम्यानंतर दोन महिने काम करून द्यावे लागते, म्हणजे मी रुजू होईन तेव्हा चोविसावा आठवडा लागलेला असेल आणि पोट कुणापासूनही लपणार नाही.

आताच फोन करून सांगावे, लेखी ऑफर आल्यावर सांगावे, की रुजू झाल्यावर? मी कोणत्या देशात आहे ते मुद्दामच लिहीत नाही, कारण आमचे क्षेत्र लहान आहे आणि ओळख पटायला वेळ लागणार नाही.

भरतीच्या_टेबलावरून:

मी बारा वर्षे भरतीचे काम करते, म्हणजे तुम्हाला आलेला तो फोन करणाऱ्या बाईच्या जागी मी अनेकदा असते. आधी स्पष्ट सांगते: तोंडी होकार आणि लेखी ऑफर यांच्या मधला आठवडा हा उमेदवारासाठी संपूर्ण प्रक्रियेतला सर्वांत कच्चा काळ असतो, आणि तुम्ही नेमक्या त्याच काळात बोलण्याचा विचार करत आहात. कृपया करू नका.

याचे कारण समजावून घ्या. गरोदर आहे म्हणून ही बाई नको, असे वाक्य मी बारा वर्षांत एकाही बैठकीत ऐकलेले नाही. जे ऐकले ते असे की ‘दुसरी उमेदवार आपल्याला अधिक अनुरूप वाटते’, ‘या पदाची व्याप्ती पुन्हा तपासून पाहू’, ‘अंदाजपत्रकाचे काय ते कळेपर्यंत थांबू’. यातले प्रत्येक वाक्य वरवर निर्दोष असते, बोलणाऱ्याला स्वतःलाही ते खरेच वाटत असते, आणि नंतर त्याविरुद्ध काहीही सिद्ध करता येत नाही. हेच लेखी ऑफर गेल्यानंतर करायचे झाले तर कुणाला तरी सही करून ते पत्र मागे घ्यावे लागते, त्याचे कारण लिहावे लागते, आणि ते लिहिताना हात अडखळतो. ऑफर लेटर तुम्हाला अभेद्य करत नाही, परंतु निर्णय फिरवणाऱ्याला उजेडात आणते.

त्यामुळे माझ्या मते तुमची वेळ लेखी ऑफर हातात आल्यावर आणि राजीनामा देण्यापूर्वी, ही आहे. या दुसऱ्या भागाकडे फार थोड्या जणी लक्ष देतात. राजीनामा दिल्यानंतर सांगितले आणि समोरच्यांनी चालढकल सुरू केली तर तुम्ही दोन्ही नोकऱ्यांच्या मधोमध उभ्या राहता. राजीनाम्याच्या आधी सांगितले तर वाईटात वाईट म्हणजे तुम्ही आहात तिथेच राहता.

पहिला फोन एचआरला नको, होणाऱ्या वरिष्ठांना करा. ही बातमी त्यांना तिसऱ्याकडून कळू नये. त्याच दिवशी एचआरला चार ओळींचा ईमेल पाठवा, म्हणजे सांगितल्याची तारीख नोंदली जाईल. फोनवर क्षमा मागू नका. कधी कळले, आधी का सांगितले नाही, पूर्वी काय घडले होते, यातले काहीही सांगण्याची गरज नाही. अपेक्षित महिना, साधारण किती रजेचा विचार आहे आणि त्या मोठ्या कामाच्या दृष्टीने रजेआधी तुम्ही काय उभे करून द्याल, एवढेच बोला.

एक गोष्ट राहून जाऊ नये म्हणून लिहिते. रुजू होण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी असेल आणि तीत छातीचा एक्स-रे असेल, तर तो काढण्याआधी तिथल्या तंत्रज्ञाला गरोदरपणाबद्दल सांगणे आवश्यक आहे. तिथे संकोच करू नये. तपासणी कंपनीने ठरवलेल्या केंद्रात असेल तर तो कागद कंपनीकडेच जातो. म्हणजे तपासणीची तारीख तुमच्या फोनच्या तारखेनंतरची असली पाहिजे, नाहीतर तुमच्या आधी तुमचा अहवालच बोलेल.

कागद_वाचणारी:

तुम्ही देश सांगितलेला नाही, ते समजण्यासारखे आहे, पण त्यामुळे मला थोडे लांबून यावे लागेल. मी कामगार कायद्याच्या क्षेत्रात काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक स्त्रिया ‘मला सांगणे बंधनकारक आहे का’ असे विचारत येतात, आणि खरे नुकसान होते ते त्यांनी न विचारलेल्या एका प्रश्नामुळे. आधी विचारलेला प्रश्न घेते.

उमेदवाराने आपण होऊन गरोदरपण सांगितलेच पाहिजे, असे सर्वसाधारण बंधन तुम्हाला सहसा आढळणार नाही. फ्रान्सच्या कामगार संहितेत तर हे सरळ लिहिले आहे की गरोदरपणामुळे मिळणारे संरक्षण स्त्रीला हवे असेल तेव्हाच तिने ते सांगायचे, एरवी ती बांधील नाही, आणि मालकाने ती माहिती मिळवण्याचा प्रयत्नही करायचा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा मातृत्व संरक्षणाचा करार, क्रमांक १८३, नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या स्त्रीकडून गरोदरपणाची चाचणी मागण्यास मनाई करतो. अपवाद आहे तो कायद्यानेच गरोदर स्त्रियांना वर्ज्य असलेल्या कामांचा, आणि आई वा बाळाच्या आरोग्याला मान्य किंवा मोठा धोका असलेल्या कामांचा. तुमचे काम क्ष-किरणांजवळ, कर्करोगाच्या औषधांच्या मिश्रणाजवळ किंवा शिशासारख्या धातूंजवळ असेल तर प्रश्न बदलतो, आणि मग सांगणे हे मालकासाठी नव्हे तर स्वतःसाठी असते. विभागप्रमुखाच्या खुर्चीत असा धोका दिसत नाही.

युरोपच्या न्यायालयाने १९९० मध्ये डेकर या डच शिक्षिकेच्या प्रकरणात दिलेला निकाल या विषयाचा पाया मानला जातो. तिने मुलाखत घेणाऱ्या समितीला आपण तीन महिन्यांची गरोदर असल्याचे सांगितले होते, समितीने तरीही तिलाच सर्वांत योग्य ठरवले, आणि संस्थेने खर्चाचे व विम्याचे कारण पुढे करून तिला नाकारले. न्यायालय म्हणाले की गरोदरपणामुळे नाकारणे हा थेट लिंगभेद आहे आणि त्याला पैशाचे कारण चालत नाही. पण तुमच्या मनात टोचणारा प्रश्न २००१ च्या निकालात अधिक नेमका येतो. डेन्मार्कमधील एका दूरसंचार कंपनीने एका स्त्रीला जुलै १९९५ पासून केवळ सहा महिन्यांसाठी घेतले. ऑगस्टमध्ये तिने सांगितले की नोव्हेंबरमध्ये तिची प्रसूती आहे. घेतानाच सांगितले नाही आणि आता कराराचा मोठा भाग ती काम करू शकणार नाही, हे कारण देऊन कंपनीने तिला काढले. न्यायालयाने ते काढणे बेकायदा ठरवले. न सांगितल्याने आणि करार अल्पमुदतीचा असल्याने काही फरक पडत नाही, असे म्हटले. तुमचे प्रकरण त्याहून पुष्कळ सौम्य आहे.

भारतात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले नीरा माथुर यांचे प्रकरण असेच आहे. आयुर्विमा महामंडळाच्या घोषणापत्रात मासिक पाळीच्या तारखा आणि आधीच्या गरोदरपणांची माहिती विचारणारे रकाने होते. त्यातली माहिती खोटी निघाली, असे म्हणून प्रसूती रजेवर गेलेल्या परिवीक्षाधीन कर्मचाऱ्याला काढून टाकले गेले. न्यायालयाने तिला पुन्हा कामावर घ्यायला लावले आणि असे लज्जास्पद रकाने काढून टाकण्यास सांगितले. तरीही २०२१ च्या डिसेंबरअखेर भारतीय स्टेट बँकेने तीन महिन्यांहून अधिक गरोदर असलेल्या उमेदवारांना ‘तात्पुरत्या अपात्र’ ठरवणारा नियम काढला आणि मोठी टीका झाल्यावर २०२२ च्या जानेवारीत तो स्थगित ठेवला. निकाल असणे आणि सवय जाणे यांत तीस वर्षांचे अंतर पडू शकते, एवढेच यातून घ्यायचे.

आता न विचारलेला प्रश्न. नोकरी बदलल्यावर तुमची रजा आणि रजेतला पगार शिल्लक राहतो का?

सध्याच्या ठिकाणी चार वर्षे काढल्याने तुमचा हक्क तिथे तयार आहे. नव्या ठिकाणी तो शून्यापासून तयार होतो आणि प्रत्येक देशात वेगळ्या वेगाने होतो. भारतात मातृत्व लाभ कायदा १९६१ चा, आणि तीच अट पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घेतली आहे: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत, ज्या मालकाकडे लाभ मागायचा त्याच मालकाकडे, किमान ८० दिवस प्रत्यक्ष काम झालेले असले पाहिजे. जुन्या मालकाकडचे दिवस त्यात धरले जात नाहीत. चोविसाव्या आठवड्यात रुजू होऊन चाळिसाव्यापर्यंत सोळा आठवडे उरतात. आठवड्याला पाच दिवस धरले तर बरोबर ऐंशी होतात, तेही एकही दिवस न चुकता आणि शेवटच्या दिवसापर्यंत काम केले तर. बाळ दोन आठवडे आधी आले, चार दिवस ताप आला, की २६ आठवड्यांच्या पगारी रजेवर वाद उभा राहतो. हाच हिशेब एकविसाव्या आठवड्यात रुजू झाल्यास कितीतरी सैल होतो.

ब्रिटनमध्ये ५२ आठवड्यांच्या रजेचा हक्क नोकरदार स्त्रीला पहिल्या दिवसापासून असतो, पण कायद्याने ठरलेला मातृत्व पगार मिळण्यासाठी प्रसूतीच्या आठवड्याआधीच्या पंधराव्या आठवड्यापर्यंत त्याच मालकाकडे सलग २६ आठवडे झालेले असावे लागतात. याचा अर्थ गरोदर असताना नोकरी बदलणारीला तो पगार मिळतच नाही; तिने सरकारकडून मिळणाऱ्या मातृत्व भत्त्याकडे पाहायचे, ज्यासाठी प्रसूतीच्या आठवड्याआधीच्या ६६ आठवड्यांपैकी २६ आठवडे कुठेही काम केलेले चालते. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला गरोदरपणावरून भेदभाव करता येत नाही, आणि त्यात उमेदवारही येतात. पण १९९३ च्या संघीय कायद्यातली बारा आठवड्यांची रजा, जी मुळात बिनपगारीच आहे, त्याच मालकाकडे बारा महिने आणि १,२५० तास काम झाल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे नकार देण्यापासून संरक्षण आहे, आणि नोकरी मिळाल्यावर रजा नाही, अशी विचित्र स्थिती येऊ शकते.

म्हणून केव्हा सांगायचे हे ठरवण्यापूर्वी कॅलेंडर घ्या आणि प्रसूतीच्या तारखेपासून मागे मोजत या. पात्रता भरत नसेल तर कंपनीच्या स्वतःच्या धोरणात सूट मिळते का, किंवा रुजू होण्याची तारीख पुढेमागे करता येते का, हे विचारावे लागेल; आणि ते न सांगता विचारताच येत नाही. माझ्या दृष्टीने राजीनाम्याआधी सांगण्याचे हेच सर्वांत भक्कम कारण आहे. प्रामाणिकपणाचा मुद्दा मी त्यानंतर ठेवीन.

दोनदा_सांगितलेली:

मी दोन्ही चुका केल्या आहेत, म्हणून लिहिते.

पहिल्या वेळी मी दुसऱ्या फेरीतच सांगितले. समोरच्या बाईंनी अभिनंदन केले, स्वतःच्या मुलांचे फोटो दाखवले, आम्ही दहा मिनिटे हसत बोललो. आठवड्याने ईमेल आला की ते पद सध्या गोठवण्यात आले आहे. दोन महिन्यांनी त्याच पदाची तीच जाहिरात, शब्दही न बदलता, पुन्हा आली. माझ्या बातमीमुळेच हे झाले असे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही, आणि तेच जास्त त्रासदायक आहे. नाकारले गेल्याचे दुःख संपते, पण का नाकारले हे न कळल्याचे मागे राहते.

त्या अनुभवामुळे दुसऱ्या वेळी मी पूर्ण उलट टोक गाठले. रुजू झाले, तीन आठवडे सैल कपडे घालून काढले आणि मग सांगितले. कायद्याने मला कुणी काही करू शकत नव्हते आणि केलेही नाही. रजा मिळाली, पगार मिळाला. पण त्या तीन आठवड्यांत माझ्या वरिष्ठांनी माझ्यावर विसंबून वर्षभराचे वेळापत्रक आखले होते, ते त्यांच्या वरिष्ठांपुढे मांडलेही होते, आणि ते आखताना मी त्याच खोलीत बसून मान डोलावत होते. ते त्यांनी कधीही बोलून दाखवले नाही. रजेवरून परतल्यानंतर जवळजवळ वर्षभर मला कोणत्याही कामाची पुढची पायरी आधी कळवली जात नसे, एवढेच. त्यांना रजेचा राग नव्हता. त्या मान डोलावण्याचा होता, असे मला वाटते.

सैल कपड्यांचे ते तीन आठवडे आठवले की अजूनही कसेसे होते. सकाळी उलट्या, मग तोंड धुऊन बैठकीत जाऊन बसायचे. ती शक्ती मी कशासाठी खर्च केली, कोण जाणे.

आठ_माणसांचा_मालक:

वरच्या सर्व प्रतिसादांशी मी सहमत होईन असे नाही, आणि कदाचित माझे म्हणणे इथे आवडणारही नाही, तरी दुसरी बाजू यावी म्हणून लिहितो.

आमचा व्यवसाय आठ माणसांचा आहे. एक माणूस सहा महिने नसणे म्हणजे मोठ्या कंपनीत एक रिकामी खुर्ची आणि आमच्याकडे कामाचा आठवा हिस्सा. त्यामुळे बातमी ऐकल्यावर पहिल्या क्षणी माझ्या पोटात गोळा येतो, हे मी नाकारणार नाही. तो गोळा येतो म्हणून मला नकार देण्याचा अधिकार मिळतो असेही मी म्हणत नाही. मला फक्त तो पहिला क्षण उमेदवारासमोर नको असतो. म्हणूनच फोन करणे हे समोरासमोर सांगण्यापेक्षा मला बरे वाटते. माणसाला आपला चेहरा सावरायला अवकाश मिळतो. तुमच्या होणाऱ्या वरिष्ठांनी फोनवर दोन-चार क्षण काहीच बोलले नाही तर त्याचा फार अर्थ लावू नका.

मागे एका उमेदवार बाईंनी मला ऑफर मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सांगितले. पहिल्याच फोनमध्ये त्यांनी विचारले की तुमच्याकडे वर्षातला सर्वांत धावपळीचा महिना कोणता. तो त्यांच्या रजेतच येत होता. मग आम्ही अर्धा तास बसून त्या महिन्याचे काय करायचे ते कागदावर लिहिले, आणि त्या अर्ध्या तासात मला कळले की मी योग्य माणूस निवडला आहे. मुलाखतीच्या तीन फेऱ्यांत ते तितके कळले नव्हते.

पण ‘भरतीच्या टेबलावरून’ यांनी लेखी ऑफर येईपर्यंत गप्प राहा असे जे सांगितले आहे, ते वाचून मला वाईट वाटले. सर्व मालक एकाच मापाने मोजले जात आहेत.

भरतीच्या_टेबलावरून:

आपल्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. मात्र उमेदवाराला बाहेरून आपण आणि ‘पद गोठवणारे’ यांच्यातला फरक दिसत नाही, आणि चुकीचा अंदाज बांधला तर त्याची किंमत ती एकटीच मोजते. आपल्यासारख्या मालकाला चार दिवस उशिरा कळल्याने काय गमवावे लागते, आणि दुसऱ्या प्रकारच्या मालकाला चार दिवस आधी कळल्याने तिला काय गमवावे लागते, हे एकदा शेजारी ठेवून पाहावे.

आठ_माणसांचा_मालक:

हे मान्य आहे.

चौदावा_आठवडा:

सर्वांचे मनापासून आभार. जुन्या नोकरीतला तयार हक्क सोडून जातो आहोत, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. मी आठवडाभर केवळ ‘सांगणे योग्य की अयोग्य’ यातच अडकले होते. एक शंका विचारते. ऑफरबरोबर एक वैयक्तिक माहितीचा फॉर्म येणार आहे. त्यात ‘येत्या वर्षात दीर्घ रजा अपेक्षित आहे काय’ असा किंवा थेट गरोदरपणाचा प्रश्न असला, तर काय लिहावे?

कागद_वाचणारी:

गप्प राहणे आणि खोटे लिहिणे यांत फरक करा. आपण होऊन न सांगणे ही फसवणूक नव्हे, पण सहीच्या वर ‘नाही’ असे लिहिले की पुढे भांडण झाल्यास समोरचा पक्ष गरोदरपणाबद्दल बोलणारच नाही. तो तुमच्या विश्वासार्हतेबद्दल बोलेल. नीरा माथुर यांनाही त्यांच्या मालकाने खोट्या माहितीच्याच मुद्द्यावर घेरले होते. त्या जिंकल्या खऱ्या, पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन. तेव्हा असा रकाना आला तर तो कोरा ठेवा, किंवा ‘याविषयी प्रत्यक्ष बोलेन’ असे लिहा. तुमच्या बाबतीत तर याहून सोपा मार्ग आहे: आधी फोन करा आणि फॉर्म त्यानंतर भरा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून दोन शब्द. पहिल्या बारा आठवड्यांनंतर गर्भपाताची शक्यता बरीच कमी होते, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितले असेलच, आणि मागच्या अनुभवानंतर ते ऐकून मन शांत होत नाही हेही मला कळते. पण वरिष्ठांना सांगणे म्हणजे सर्वांना सांगणे नव्हे. ही माहिती फक्त वरिष्ठांपुरती आणि एचआरपुरती ठेवावी, संघाला मी स्वतः सांगेन, असे ईमेलमध्ये स्पष्ट लिहा.

चौदावा_आठवडा:

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण पुढे काय झाले ते न सांगता जाणे बरे नव्हे.

मी मोजले. दोन महिन्यांची नोटीस पूर्ण करून रुजू झाले असते तर आवश्यक मुदत जेमतेम भरत होती आणि एखाद्या आठवड्याच्या आजारपणाने तुटली असती. लेखी ऑफर ठरल्यापेक्षा चार दिवस उशिरा आली. त्या चार दिवसांत मी किती वेळा ईमेल उघडून पाहिला ते लिहीत नाही. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी होणाऱ्या वरिष्ठांना फोन केला. राजीनामा दिला नव्हता, फॉर्म भरला नव्हता. वाक्ये कागदावर लिहून समोर ठेवली होती, तरी पहिले वाक्य चुकलेच.

पलीकडे शांतता पसरली. इथे आधी वाचलेले नसते तर त्या शांततेत मी नक्कीच क्षमा मागितली असती. मग त्यांनी महिना विचारला, कुठला तरी कागद चाळल्याचा आवाज आला आणि ते म्हणाले, ‘म्हणजे पहिल्या कामाची तयारी आपल्याला एक महिना आधी ओढून घ्यावी लागेल. तुम्ही लवकर येऊ शकाल का?’ मला नेमके हेच विचारायचे होते. अभिनंदन त्यांनी फोन ठेवताना केले, जवळजवळ विसरून आठवल्यासारखे.

एचआरचे उत्तर यायला चार दिवस लागले आणि ते इतके सोपे नव्हते. आधी त्यांनी ‘रजेसंबंधी प्रचलित नियम लागू राहतील’ एवढेच कळवले. मी पुन्हा लिहिले की मला पात्रतेच्या मुदतीबद्दल नेमके उत्तर हवे आहे, कारण त्यावर माझा राजीनामा अवलंबून आहे. त्यानंतर सुधारित पत्र आले, ज्यात रुजू होण्याची तारीख तीन आठवडे अलीकडे आणली आहे आणि रजेचा कालावधी स्पष्ट लिहिला आहे. सध्याच्या कार्यालयाने माझ्या शिल्लक रजा नोटीशीत वळत्या करून घेऊन लवकर सोडण्याचे मान्य केले. तिथल्या सहकाऱ्यांना राजीनाम्याचे कारण ठाऊक आहे, दुसरे काही ठाऊक नाही.

सोनोग्राफी अजून व्हायची आहे. वरिष्ठांनी परवा नव्या विभागाचे वर्षाचे वेळापत्रक पाठवले आणि विचारले की माझ्या नावापुढच्या त्या महिन्यांत काय लिहायचे, कारण तो तक्ता इतरही पाहणार आहेत. मी त्यांना आणखी तीन आठवडे त्या चौकटी कोऱ्या ठेवायला सांगितले आहे.

भरतीच्या_टेबलावरून:

ते सुधारित पत्र आणि तुमचा प्रश्न विचारणारा ईमेल, दोन्हींच्या प्रती स्वतःच्या खासगी ईमेलवर आजच ठेवा. रुजू झाल्यावर एचआरमधली व्यक्ती बदलली तर तेच कामी येतील.